हाताला मऊ लागला म्हणून टी-शर्ट घेऊ नका

लातूरच्या गोलाईजवळ रेडीमेडच्या दुकानात मी जेन्ट्स काउंटरला असतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी साड्यांच्या गादीवर ठाण मांडून बसली की सोबतची पोरं कंटाळून माझ्याकडं सरकतात. क्लासेस सुरू झाले की होस्टेलची पोरं येतात. कुणीही येवो, पहिला हात टी-शर्टच्या पोटावरून फिरतो आणि लगेच निकाल लागतो, "मामा, हे लई मऊ हाय, हेच द्या."

तो मऊपणा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. कापड तयार झाल्यावर शेवटच्या पाण्यात सिलिकॉनचं सॉफ्टनर देतात. त्यानं हलक्या सुताचं कापडसुद्धा हाताला गोड लागतं. काही धुण्यांत ते निघून जातं आणि खालचं खरं कापड उघडं पडतं. दुसरा मऊपणा सुतातच असतो. तो धुण्यानं जात नाही, वापरानं वाढतो. टी-शर्ट निवडायचा म्हणजे आधी हे दोन मऊपणे वेगळे ओळखायचे.

सॉफ्टनरचा हात निसरडा असतो. अंगठा आणि बोटात कापड धरून घासा, जरा मेणचट, सटकल्यासारखं लागेल. दुकानदाराला विचारून बोट ओलं करा आणि आतल्या बाजूला टेकवा. पाणी चटकन शोषलं तर ठीक. थेंब वरच बसून राहिला तर समजा, वर काहीतरी थापलंय, आणि एप्रिलमध्ये घामही असाच वर बसून राहणार आहे. चांगल्या सुताचं कापड निसरडं नसतं, भरीव लागतं. मग टी-शर्ट ट्यूबलाइटसमोर धरा. मधेच जाड, मधेच विरळ असे पट्टे दिसले तर सूत एकसारखं नाही. असं कापड विरळ जागी आधी विरतं.

आता सुताचं. सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये ज्यानं रुई हातात घेतलीय त्याला ठाऊक असतं, एकाच बोंडात लांब तंतूही असतात आणि आखूडही. आखूड तंतूंची टोकं सुताबाहेर येतात, अंगाला टोचतात आणि पुढं त्यांचेच गोळे होतात. सूत कातायच्या आधी विंचरून हे आखूड तंतू काढून टाकले तर ते 'कॉम्ब्ड'. नाही काढले तर 'कार्डेड'. शंभर टक्के कापूस दोन्हीतही असतो, म्हणून नुसतं '१०० टक्के कॉटन' वाचून काही कळत नाही. लेबलवर 'कॉम्ब्ड' आणि जमलं तर 'रिंगस्पन' (बारीक पीळ देऊन कातलेलं, गुळगुळीत सूत) शोधा. आपल्याकडच्या कापसाचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटरचा, रोजच्या टी-शर्टला तेवढा पुरतो. तामिळनाडूचा सुविन, इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा हे जास्त लांब धाग्याचे; फरक खरा आहे, पण पैसेही तसेच पडतात. आणि स्वस्तातल्या टी-शर्टवर 'इजिप्शियन कॉटन' लिहिलेलं दिसलं तर माझ्या मते हसून पुढं जावं.

सुताला नंबर असतो. ८४० यार्डांची एक लडी धरतात, आणि एका पौंडात (साधारण साडेचारशे ग्रॅम) अशा जितक्या लड्या बसतील तो सुताचा नंबर. तीस नंबरचं सूत म्हणजे साडेचारशे ग्रॅममध्ये जवळपास २३ किलोमीटर धागा, लातूरहून औशाला जाऊन वर उरेल एवढा. नंबर वाढला की सूत बारीक. चोवीस नंबरचा टी-शर्ट अंगावर नीट बसतो आणि टिकतो. तीसचा हलका आणि जास्त मऊ. चाळीसचा रेशमासारखा पडतो, पण आत बनियन असेल तर त्याची रेघ न् रेघ दिसते.

नंबर लेबलवर सहसा नसतो. असलाच तर जीएसएम असतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मार्च ते जून १५० ते १६०च्या वर जाऊ नका. बारमाही एकच घ्यायचा असेल तर १८०. हल्ली पोरांना २२०-२४०चा ओव्हरसाइझ हवा असतो. डिसेंबर-जानेवारीत तो झकास. पण मे महिन्यात तोच घालून दुपारी मोटारसायकलवर निघालेला पोरगा बघितला की मला त्याच्याऐवजी घाम येतो. एक गोष्ट मात्र जाड कापडाच्या बाजूची आहे. पोट थोडं पुढं असेल तर १८०चं कापड ते झाकतं, १४०चं त्याला चिकटून बसतं.

'बायोवॉश' या शब्दाला घाबरू नका, ती चांगली गोष्ट आहे. एन्झाइमच्या पाण्यात कापड फिरवून वर आलेली बारीक लव खाऊन टाकतात. हा गुळगुळीतपणा सॉफ्टनरसारखा धुऊन जात नाही, आणि पुढं गोळेही कमी येतात.

मिश्रणांत जास्त शिरत नाही. पॉलिस्टर मिसळलेला टी-शर्ट फारसा आटत नाही, लवकर वाळतो, पण उन्हात कोंडल्यासारखं होतं आणि त्याच्यावर आलेले गोळे झडत नाहीत. मोडाल लाकडाच्या लगद्यापासून बनतं, फार मऊ, अंगावर छान पडतं, जरा जपून वापरावं लागतं. पाच टक्के लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) अंगाबरोबरच्या फिटिंगला हवीच. राखाडी मिलांज (दोन छटांचे तंतू मिसळलेला राखाडी) घेताना लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा व्हिस्कोस (तेही लगद्याचंच) किंवा पॉलिस्टर असतं. शंका असेल तर घरी शिवणीतला एक धागा काढून नव्हे (शिवणीचा दोरा पॉलिस्टरचाच असतो), कापडातला धागा काढून जाळा. कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि राख भुरभुरीत पडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

माझ्या काउंटरवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो तो गळ्यावर. टी-शर्ट जुना दिसतो तो गळ्यामुळं. कापड धडधाकट असतं आणि गळा लोळलेला असतो. गळ्याची पट्टी रिबची (उभ्या रेघांच्या, ताणणाऱ्या विणीची) हवी, तिच्यात थोडी लायक्रा हवी आणि ती फार अरुंद नको. दोन सेंटिमीटरच्या आसपास असली की जागेवर राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टी ताणा आणि सोडा. लगेच मूळ जागी आली पाहिजे. लाटा राहिल्या तर बाजूला ठेवा, मग रंग कितीही आवडलेला असो. मग गळा उलटा करून मागं बघा. एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत आतून टेप लावलेली असेल तर कारखान्यानं काम मनावर घेतलंय. टेप नसेल तर खांदे ओघळतात, आणि शिवण मानेला घासते ती वेगळीच.

खालची दुमड आणि बाही दोन सुयांच्या शिलाईची असावी, म्हणजे बाहेरून दोन समांतर ओळी दिसतात. ती दुमड आडवी ताणा. 'कट्' असा आवाज आला तर दोरा तुटला. ताण बेतानंच द्या, माल अजून दुकानदाराचा आहे. मग पीळ बघा. दोन्ही खांदे एकावर एक जुळवून टी-शर्ट हवेत धरा. बाजूच्या शिवणी सरळ खाली आल्या पाहिजेत. एक शिवण पोटाकडं वळत असेल तर पहिल्याच धुण्यात ती आणखी फिरते, आणि मग कितीही ओढा, टी-शर्ट वाकडाच बसतो.

"मामा, आटंल का?" कापूस आहे, थोडा आटणारच. तीन टक्क्यांपर्यंत चालतं. पाच टक्के आटला तर २८ इंच लांबीतले जवळपास दीड इंच गेले. म्हणून 'प्रीश्रंक' (आधीच आटवून घेतलेलं) लिहिलेलं नसेल तर लांबीत थोडी सूट धरूनच घ्या. रुंदीला फार मोठा घेऊ नका, कापसाचा टी-शर्ट वापरात आडवा सैल पडतो.

बसतो कसा, हे खांद्यावरून ठरवा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे. बाही दंडाच्या मध्यावर संपावी आणि तिच्यात दोन बोटं आरामात जावीत. हात वर केले तर पोट उघडं पडू नये, खाली सोडले तर बेल्ट झाकून चेनच्या मध्यापर्यंत यावा. ओव्हरसाइझ हवा असेल तर ड्रॉप शोल्डरच्या, म्हणजे खांद्याची शिवण मुद्दाम दंडावर उतरवलेल्या कटिंगचाच घ्या. आपल्या मापाच्या दोन नंबर पुढचा घेतला की खांदा पडतोच, पण गळाही परातीएवढा होतो. मुलींना एक सांगतो. लेडीज टी-शर्टचं कापड बऱ्याचदा पातळ येतं, तेव्हा जेन्ट्स स्मॉलही एकदा अंगाला लावून बघा.

रंगात पहिले दोन काळा आणि नेव्ही, तिसरा मेहंदी किंवा आमसुली. सावळ्या अंगावर हे रंग उठून दिसतात; फिकट बिस्किटी मात्र चेहरा उतरवतो. राखाडी दिसायला देखणा, पण काखेतला घाम सगळ्यात आधी त्याच्यावर उमटतो. उन्हाळ्यात तो घरीच घाला. पांढरा टी-शर्ट सगळ्यात शेवटी घ्या. त्याचं कारण पाणी, पुढं सांगतो.

साध्या टी-शर्टची गंमत अशी की वर काय घालाल ते खुलतं. बिस्किटी कॉटन पँट, नेव्ही टी-शर्ट आणि कोल्हापुरी चप्पल; साखरपुड्यालाही चालून जातं, पाहुण्यांत जावई असाल तर सोडून. काळ्या टी-शर्टवर खादीचा हाफ शर्ट घ्या, बटणं उघडी. खादीसाठी आपलं नांदेड आहेच, तिथल्या खादी समितीच्या कापडाचा तिरंगा होतो. संभाजीनगरच्या हिमरूचं जाकीट घरात असेल तर आत बिनछापाचा काळा घाला, हिमरूची वेलबुट्टी तेव्हाच दिसते; आत डिझाइनचा शर्ट घातला की दोन्ही भांडत बसतात. आजीची इरकल नेसायची असेल आणि ब्लाउज शिवून मिळायला वेळ असेल तर लायक्राचा अंगाबरोबर बसणारा काळा टी-शर्ट ब्लाउजच्या जागी घाला, काठ उठून दिसतात. आणि पांढऱ्या शर्टच्या आत पांढरा टी-शर्ट घालू नका, तो बाहेरून लख्ख दिसतो. फिकट राखाडी, व्ही गळ्याचा घाला, दिसणार नाही. आमच्या वडिलांची पिढी बंडीवर दिवस काढायची. बंडी म्हणजे खिसा असलेला साधा टी-शर्टच, फक्त तेव्हा तिला कुणी स्टाइल म्हणत नव्हतं.

आता पाणी. "मामा, दोन महिन्यांत कडक झाला," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्मे टी-शर्ट चांगले असतात. दोष बोअरच्या पाण्याचा असतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. वडीचा साबण लावला की त्यांचा साबणाशी साका होतो, तो धाग्यांत अडकतो, कापड कडक होतं आणि पांढरा रंग पिवळट राखाडी पडतो. म्हणून बोअरच्या पाण्यात वडी घासू नका, डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरा. बादलीत आधी लहान चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, मग पावडर, मग कपडे. शेवटच्या खळबळायच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर टाका. उरलेला साका सुटतो, वास वाळल्यावर राहत नाही. पांढऱ्याला ब्लीच नको, धागा कमजोर होतो आणि घामाचे डाग आणखी पिवळे पडतात. थोडी नीळ चालेल.

टी-शर्ट उलटा करून धुवा, धोपटू नका, पिळू नका. ओल्या टी-शर्टला खांद्यांनी टांगलं की पाण्याच्या वजनानं खांदे आणि गळा खाली येतात. दोरीवर कमरेपासून आडवा टाका, सावलीत. एप्रिलच्या उन्हात काळ्याचा रंग बघता बघता उतरतो आणि सावलीतही आपल्याकडं दोन तासांत वाळतोच. संध्याकाळी दोन तास घातलेला टी-शर्ट लगेच धुवायला टाकू नका, हवेशीर टांगा. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव आहे, इथं कुणालाही हे पटतं.

आणि दुकानात एकदम चार रंग घेऊ नका, मी स्वतः ते विकायला बसलेलो असलो तरी. एक घ्या, त्याची लांबी टेपनं मोजून लिहून ठेवा, घरच्या पाण्यात तीनदा धुवा आणि परत मोजा. लांबी टिकली, गळा बसला आणि हाताला अजून मऊ लागला तर लेबल न कापता तोच टी-शर्ट घेऊन दुकानात या, म्हणजे त्याच कापडाचा दुसरा रंग काढून देता येतो. नुसतं "मागच्या वेळेसारखा द्या" म्हणालात तर मलाही आठवत नाही.