धंदा सुरळीत चाललाय आणि कंटाळा आलाय? एडीएचडी असलेल्या मालकांनी या चुका टाळा

धंद्यात ओढाताण असते तेव्हा मला कधी कंटाळा येत नाही. हातात ऑर्डर नाही, बँकेचा हप्ता तोंडावर आलाय, अशा दिवसांत मी सकाळी सातला शटर उघडून उभा असतो. कंटाळा येतो तो सगळं नीट बसल्यावर. फौंड्रीतून कास्टिंग (धातू ओतून केलेले कच्चे भाग) वेळेत येतंय, महिन्याला तेच फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या), तेच बोअर (त्यातलं गोल भोक), तेच चलन. अशा वेळी सकाळी गाडीला किक मारायचीसुद्धा इच्छा होत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं, आणि नऊ माणसं. मुलाच्या अभ्यासाच्या तक्रारीवरून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा त्यांनी मुलासोबत मलाही प्रश्न विचारायला सुरुवात केली. एडीएचडी, म्हणजे हवं तिथे लक्ष टिकवायला अवघड जाणारी मेंदूची स्थिती, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. माझं निदान झालं तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो. त्याआधी पंधरा वर्षं मी ज्या चुका केल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: कंटाळा आला म्हणजे धंद्यात दम उरला नाही, असं समजणं

एडीएचडीत मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे कामाची ओढ लावणाऱ्या रसायनाचं, काम थोडं वेगळं चालतं. काम नवीन असेल, आवडीचं असेल किंवा गळ्याशी आलं असेल तर लक्ष आपोआप लागतं, इतकं की जेवणाची शुद्ध राहत नाही. तेच काम ओळखीचं झालं आणि त्याचं फळ तीन महिन्यांनी मिळणार असलं, की मेंदू हातपाय गाळतो. काम महत्त्वाचं आहे हे कळत असतं, तरी हात हलत नाही. यात आळस नाही, आणि धंद्याच्या तब्येतीशीही याचा संबंध नाही.

आमच्याकडे नग मापाबाहेर गेला तर कोणी मशीन विकायला काढत नाही. आधी इन्सर्ट (कापणारं पातं) बघतात, मग ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती), मग क्लॅम्पिंग (नगाची पकड). कंटाळ्याचंही तसंच तपासा. झोप किती झाली? गेल्या महिन्यात नवीन असं काही हाताखालून गेलं का? दिवसातले किती तास मी अशा कामात आहे, जे दुसरा माणूस माझ्यापेक्षा चांगलं करेल? एवढं पाहून झाल्यावर वही काढा आणि धंद्याचे आकडे बघा. आकडे चांगले असतील तर बिघाड धंद्यात नाही.

मी हे न तपासता गूळ पावडरीच्या धंद्यात उतरलो होतो. नोव्हेंबरचे दिवस, गुऱ्हाळं पेटलेली, एका ओळखीच्या गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभा होतो आणि डोक्यात ठिणगी पडली. तीन रात्री धड झोपलो नाही. पाकिटाचा रंग, लेबल, नाव, डबे, सगळं ठरवलं. फूड लायसन्सचे कागद केले. ते दिवस खरोखर सुंदर होते, आजही आठवले की बरं वाटतं. मग दुकानोदुकानी माल ठेवायचा, पंधरा दिवसांनी जाऊन पैसे मागायचे, न खपलेली पाकिटं परत आणायची, हे काम सुरू झालं आणि उद्यमनगरात ज्या कंटाळ्याला कंटाळून पळालो होतो, तोच इथे येऊन बसला. पावसाळ्यात पावडरीनं ओल धरली, खडे झाले. साडेतीन लाख गेले. वर त्या आठ महिन्यांत मशीनशॉपकडे दुर्लक्ष झालं, ते वेगळंच.

गुळाच्या धंद्यात खोट नव्हती. तो करणारे व्यवस्थित करतात. मी आलो होतो फक्त त्याच्या नवेपणासाठी, आणि नवेपण कुठल्याही धंद्यात दोन-चार महिनेच टिकतं.

आता माझ्याकडे एक वही आहे. नवी कल्पना आली की तारीख घालून लिहायची आणि नव्वद दिवस एक रुपयाही घालायचा नाही. लिहिण्यावर बंधन नाही; मनात येईल तितकं लिहा, चित्रं काढा. नव्वद दिवसांनी तीच कल्पना पुन्हा ओढत असेल तर घरात आणि सीएसोबत बसून बोलायचं.

चालू कामात बोटं घालू नका

नवा धंदा काढला नाही तरी हात स्वस्थ बसत नाहीत. चालू असलेलं काहीतरी बदलावंसं वाटतं: दर, कामगारांच्या पाळ्या, बिलाचं सॉफ्टवेअर, मशीनचा प्रोग्रॅम.

एका दुपारी ऑपरेटर जेवायला गेला होता. फ्लँजचा जॉब दोन वर्षं बिनतक्रार चालला होता. सायकल टाइम कमी करायचा म्हणून मी बोअरिंगच्या फिनिश कटची (शेवटच्या, गुळगुळीत करणाऱ्या कापाची) फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, वाढवली. पहिला नग गेजमध्ये बसला, दुसरा बसला. मला आनंद झाला आणि त्या आनंदात फोनवर दुसऱ्याच कामाचं बोलत बसलो. तासाभरानं मिस्त्रींनी एक नग उचलला, बोअरमध्ये अंगठा फिरवला आणि काही न बोलता तो माझ्यापुढे धरला. मीही अंगठा फिरवला. माप बरोबर होतं, पण आत खरखर लागत होती, बारीक आट्यांसारखी. ती साफ करायला आणखी माल काढावा तर बोअर मोठा होणार, आणि मोठा झालेला बोअर परत लहान होत नाही. ३१ नग रिजेक्ट झाले.

संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "मालक, चालू कामाला हात लावू नगासा. नवीन नमुना आला की तुमास्नीच हाक मारतो की."

या एका वाक्यानं माझा धंदा बदलला. माझे वडील म्हणायचे, मालक मशीनपाशी नसला की माल बिघडतो. मी ते प्रमाण मानून रोज आठ तास अशा कामावर पहारा देत होतो, ज्यात माझी गरजच नव्हती. आता चालू उत्पादन पूर्ण मिस्त्रींकडे आहे आणि त्याप्रमाणे त्यांचा पगारही वाढवलाय. माझ्याकडे नवीन नमुने, फिक्श्चर (नग मशीनवर धरायचा साचा) काढणं, दर काढणं आणि ग्राहकाकडे जाणं. चालू जॉबमध्ये काही बदलायचं असेल तर शनिवारी दुपारी, भंगारातल्या कास्टिंगवर, ऑपरेटर समोर असताना. सोमवारी तो बदल लावायचा की नाही, यावर मिस्त्रींची सही लागते.

तुमचं मशीनशॉप नसेल, महाद्वार रोडला कपड्यांचं दुकान असेल किंवा हुपरीत चांदीचं काम असेल, तरी हे असंच वाटता येतं. धंद्यात कुठलं काम रोज नवं असतं ते शोधा आणि ते स्वतःकडे घ्या. रोज तेच असणारं काम, ज्याला त्यातच समाधान मिळतं अशा माणसाला द्या. अशी माणसं असतात आणि ती सोन्यासारखी असतात.

"या महिन्यापासून कागदपत्रं मी स्वतः वेळेत करणार"

हा संकल्प करू नका. मी दर दिवाळीला केला.

कंटाळवाणं काम टाळण्याची किंमत नुसत्या दंडात मोजू नका. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांना विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण, २० तारखेपर्यंत भरावं लागतं. ३बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. पण खरा मार दुसरीकडे बसतो. तुमचं आर-१ वेळेत गेलं नाही तर १४ तारखेला तयार होणाऱ्या २बीमध्ये (ग्राहकाच्या खरेदीच्या यादीत) त्याला तुमचं बिल दिसत नाही, त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं आणि तो तुमचं पेमेंट अडकवतो. तुमचा कंटाळा त्याच्या खिशाला लागतो, आणि तो पुढच्या वेळी ऑर्डर देताना हे लक्षात ठेवतो.

उपाय शिस्तीत शोधू नका, शेजारी माणूस बसवा. दर बुधवारी चार ते पाच आमच्याकडे हिशेबाच्या बाई येतात. त्या त्यांचं टॅलीचं काम करतात, मी शेजारच्या खुर्चीवर बिलं जुळवतो. त्या मला काही सांगत नाहीत, नुसतं कोणीतरी शेजारी काम करत असलं की माझंही होतं. एडीएचडी असलेल्या अनेकांना हा उपाय लागू पडतो. उधारीच्या फोनलाही तोच नियम: एकट्यानं करायचे नाहीत, पुतण्याला समोर बसवून ओळीनं पाच करायचे.

भीतीवर धंदा चालवणं

डेडलाइन गळ्याशी आली की काम झपाट्यानं होतं, हे खरं. म्हणून आपण नकळत प्रत्येक गोष्ट गळ्याशी येऊ देतो. काम होतं, पण पुढचे दोन दिवस अंगात त्राण राहत नाही, आणि रात्रपाळीला थांबलेल्या कामगारांनी आपल्या सवयीची किंमत का मोजावी?

स्वतःला स्वतःच दिलेली तारीख मेंदू मानत नाही. दुसऱ्याला दिलेली मानतो. म्हणून मी ग्राहकाला आधीच फोन करतो: "गुरुवारी अकराला नमुना घेऊन येतो." मग बुधवारपर्यंत नमुना तयार असतो.

कंटाळा आला की मोबाईल काढणं किंवा कट्ट्यावर चहाला जाणं, यावर जास्त लिहीत नाही. दहा मिनिटांचे दोन तास होतात, सगळ्यांना माहीत आहे. सकाळी रंकाळ्यावर भरभर चालून आलो की दुपारपर्यंत डोकं जाग्यावर राहतं. व्यायामानं काही वेळ लक्ष सुधारतं.

निदान स्वतःच करू नका

मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून "मला पण हेच आहे" असं ठरवू नका. एडीएचडीची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि ती एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरी आणि कामावरही, त्रास देत असावी लागतात. गेल्या वर्षापासूनच सुरू झालेला कंटाळा असेल तर कारण वेगळं असू शकतं: थायरॉइड, झोपेचा विकार, नैराश्य. माझ्या डॉक्टरांनी एक खूण सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. एडीएचडीतला कंटाळा नवीन किंवा आवडीचं काही समोर आलं की उडून जातो. नैराश्यात आवडीची गोष्टही फिकी लागते. कुस्तीचं मैदान, घरचा तांबडा-पांढरा, लेकरांचं हसणं, यातलं काहीच मनाला लागेनासं झालं असेल तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

औषधांबद्दल एवढंच: मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, रक्तदाब आणि हृदयाची चौकशी झाल्यावर घ्यायची औषधं आहेत. मित्राची गोळी मागून घेऊ नका. मला गोळीचा फायदा झाला, पण वही, मिस्त्री आणि बुधवारची खुर्ची यांची जागा तिनं घेतली नाही.

आणि हे माणसांपासून लपवू नका. मी दुकानातल्या नऊही जणांना चहाच्या वेळी साध्या शब्दांत सांगितलं: माझं लक्ष असं चालतं, मी मध्येच काही बदलायला निघालो तर मला थांबवा. कोणी हसलं नाही. ऑपरेटरनं विचारलं, "मग शनिवारी काय करून बघायचं?"

वहीत सध्या चौदा कल्पना आहेत. नव्वद दिवस टिकलेली एकच आहे, पंपाच्या केसिंगचं मशीनिंग. तिचा पहिला नमुना मंगळवारी येतोय, आणि फिक्श्चरचं ड्रॉइंग मी कालच काढायला घेतलंय.