चढावर ऑटोमॅटिक गाडी लावताना

मलबार हिलच्या चढावर गाडी लावताना थेट ‘पी’ (पार्क) टाकू नका. ‘पी’मध्ये गिअरबॉक्सच्या दातेरी चाकात एक छोटा खटका अडकतो. गाडीचा सगळा भार त्यावर आला, की निघताना ‘खट्’ असा हिसका बसतो. म्हणून ब्रेक दाबून ‘एन’ (न्यूट्रल) घ्या, पार्किंग ब्रेकचं बटण ओढा. मागच्या कॅलिपरवरची (चाकाचे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावरची) मोटर घरघरते, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. आता पाय हळूहळू उचला, गाडी त्या ब्रेकवर बसू द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’.

बॅटरी उतरली तर हा पार्किंग ब्रेक बटणाने सुटत नाही. आधी जंप-स्टार्ट, मगच टोइंग. मागचे ब्रेक पॅड बदलताना मेकॅनिकला मोटर सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यायला सांगाच. पॅडमागचा पिस्टन जोर लावून दाबला तर कॅलिपर कामातून जातो.