आमचा बँड भर सीझनमध्ये संपला

फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली दोन मुले गेल्या महिन्यात घरी आली. एकाच्या पाठीवर गिटार, दुसऱ्याच्या हातात ड्रमच्या काठ्या. हार्ड रॉक बँड काढायचा आहे, तुम्ही आठ वर्षे वाजवलेत, काय ते सांगा, म्हणाली. मी तासभर बोललो आणि ती गेल्यावर जाणवले की मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती लिहून ठेवतो आहे. गोव्यात राहून या संगीताच्या मागे लागणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडावी.

मी म्हार्दोळचा. हार्ड रॉक कानावर पडण्याआधी माझ्या हातात घुमट होते, म्हणजे चामड्याने मढवलेले मातीचे वाद्य. चवथीच्या आरत्यांत उजव्या हाताने चामड्यावर थाप द्यायची, डाव्या पंजाने मागचे तोंड उघडझाप करून घुमारा काढायचा, शेजारी शामेळ हा ढोल आणि कासाळे म्हणजे झांजा. बारावीत असताना मावसभावाकडे डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक बँडची कॅसेट ऐकली आणि त्यांचा ड्रमवाला इयन पेस याच्या बेस ड्रममध्ये मला तोच घुमारा ऐकू आला. तुम्ही घुमट, पखवाज, तबला असे काही वाजवत आला असाल तर ते घरी ठेवून ड्रमसेटवर बसू नका. आरती संपत येते तशी लय चढते, पण सगळे एकत्र चढतात. हे ज्याच्या अंगात मुरले आहे, त्याला बाकीच्या तिघांना ऐकत वाजवणे वेगळे शिकवावे लागत नाही.

बँड जमला २००३ मध्ये. गायक म्हापशाचा, गिटारवाला मडगावचा, बेसवाला फोंड्याचा, ड्रमवर मी. बेसवाल्याच्या काकांचे बांदोड्याला एक रिकामे घर होते, चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले. ड्रम घरात वाजवायचे तर शेजाऱ्यांचा प्रश्न पहिला. आमच्यासाठी तो पावसाने सोडवला. जूनमध्ये कौलांवर पाऊस कोसळू लागला की आतला ड्रम दोन घरांपलीकडे जात नसे. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी खाणावळी, मेअखेरीस मोडलेले, किनाऱ्यावर काम नाही, कुणाला कुठे जायचे नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी आम्ही त्या खोलीत असायचो. दोन पावसाळ्यांत आमची स्वतःची अकरा गाणी झाली. आठ इंग्रजी, दोन कोकणी, एक मराठी.

त्या खोलीत जे शिकलो ते आधी सांगतो. हार्ड रॉक म्हणजे आवाज मोठा, असे समजून नवी मुले अँप्लिफायरचे बटण शेवटापर्यंत फिरवतात. आम्हीही तेच केले आणि पहिले तीन महिने वाया गेले. मग एके दिवशी वीज गेली. गिटारवाल्याने साधी लाकडी गिटार घेऊन तोच रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, वाजवला आणि तो इतका पोकळ निघाला की आम्ही गप्प बसलो. त्यानंतर नियम केला: डिस्टॉर्शनशिवाय (गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाशिवाय), वीजेशिवाय जो रिफ उभा राहतो तोच ठेवायचा. दुसरे म्हणजे किक (पायाने वाजणारा बेस ड्रम) आणि बेस गिटार. हे दोन एकाच क्षणी पडले पाहिजेत. ते जरा जरी मागेपुढे झाले तरी ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण गाण्याचा जोर जातो. मी आणि बेसवाला रोज अर्धा तास बाकीच्यांच्या आधी येऊन फक्त एवढेच वाजवत असू. आणि तालीम हळू आवाजात करा. हळू आवाजात चुका लपत नाहीत.

ऐकायला येणारे मिळाले. कॉलेजांचे कार्यक्रम, मग फेस्ताच्या रात्री, मग पणजीत दोन मोठे कार्यक्रम. २००५च्या दिवाळीनंतर बागा किनाऱ्यावर आठवड्यातून दोन रात्रींचे काम मिळाले. एका रात्रीचे ६००० रुपये, चौघांत. पुढच्या सीझनला आठवड्याच्या पाच रात्री भरल्या. घरचे प्रथमच निश्चिंत झाले. मित्र म्हणायचे, बँड वर आला.

बँड उतरणीला लागला तो त्याच सीझनमध्ये. मला हे कळायला पुढे दहा वर्षे लागली, म्हणून जोर देऊन लिहितो आहे. शॅकवर पर्यटक जेवायला येतो. त्याला ओळखीचे गाणे हवे असते आणि त्याचे तसे मागणे रास्त आहे. मालकालाही तेच हवे. आम्ही रोज तीच पंचवीस गाणी वाजवू लागलो, सगळी दुसऱ्यांची. ऑक्टोबर ते मार्च या काळात आमची स्वतःची गाणी किती वेळा वाजली ते मी डायरीत मोजून पाहिले आहे. चार वेळा. पाच रात्री एकत्र घालवल्यावर उरलेल्या दोन दिवशी एकमेकांची तोंडेही नकोशी व्हायची, तालीम कुठून होणार? आणि सर्वांत वाईट हे झाले की पुढचा पावसाळा आला तेव्हा प्रत्येकाने तो विश्रांतीसाठी घेतला. बांदोड्याच्या खोलीला आम्ही २००७च्या जूनमध्ये कुलूप लावले. त्यानंतर एकही नवे गाणे झाले नाही.

मोठ्या बँडांचेही असेच झालेले दिसते. डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्ये आला. त्याच ऑगस्टमध्ये त्यांचे जपानमधले ते गाजलेले कार्यक्रम झाले. आणि जून १९७३ मध्ये गायक इयन गिलन ओसाकातला कार्यक्रम करून बँडबाहेर पडला. सव्वा वर्ष. त्या सव्वा वर्षात ते सतत दौऱ्यावर होते, वर नवे रेकॉर्डिंगही करत होते. थकलेली माणसे आणि गिलन व गिटारवाला रिची ब्लॅकमोर यांचे न पटणे. १९७६ मध्ये बँडच संपला आणि १९८४ मध्ये ‘मशीन हेड’ची तीच पाच माणसे पुन्हा एकत्र आली. आपल्याकडे मुंबईच्या रॉक मशीन या बँडचे पाहा. १९८४ मध्ये सुरुवात, लोक ओळखीची इंग्रजी गाणी मागत असतानाच्या काळात १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम, १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नवे नाव, १९९७ मध्ये बंद. पण २०१० मध्ये ते परत आले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम काढला. माझ्या मते परत येण्याजोगे काही शिल्लक होते, कारण गाणी त्यांची स्वतःची होती. आम्हाला परत यायचे म्हटले तर कशापाशी यायचे?

बाहेरची कारणेही होती, ती नाकारत नाही. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न हा डीजेंच्या नाचाच्या संगीताचा महोत्सव पहिल्यांदा झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत किनाऱ्याची चव पालटली. मालक आधी डीजे विचारू लागले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, पण त्यांचा जाच आम्हाला पुढे जाणवू लागला. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खरा ड्रमसेट शेजारी बसून ऐका, तो शंभराच्या आसपास सहज जातो. त्यामुळे मालकांना टू-पीस परवडू लागला: एक गायक, एक गिटार आणि बाकी सगळे लॅपटॉपवर. ड्रमवाल्याचे काम आधी गेले. मी बरीच वर्षे या दोन गोष्टींनाच दोष देत होतो. आता तसे वाटत नाही. खोलीचे कुलूप आम्हीच लावले होते.

आता पैसे आणि मालकी. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण बँड प्रत्यक्षात इथेच तुटतो.

२००९ मध्ये मुंबईच्या एका जाहिरात संस्थेने आमचे कोकणी गाणे मागितले. ८०,००० रुपये देणार होते. गाणे कुणाचे, हे त्यांनी विचारले आणि आम्हाला सांगता आले नाही. शब्द गायकाचे. रिफ गिटारवाल्याचा. पण मधला भाग, ज्याच्यासाठी त्यांना ते गाणे हवे होते, तो मी आणि बेसवाल्याने एका पावसात वाजवता वाजवता काढलेला. तीन आठवडे आम्ही भांडलो. घरच्यांपर्यंत गोष्ट गेली. तोवर त्यांनी दुसरे गाणे घेतले. पैसे गेल्याचे मला दुःख नाही. त्या तीन आठवड्यांत आम्ही एकमेकांना जे बोललो ते मात्र परत घेता आले नाही.

म्हणून गाणे पुरे झाले त्याच संध्याकाळी, निघण्याआधी, कागदावर लिहा: गाण्याचे नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती वाटा, चौघांच्या सह्या. कुणाचे किती यावरून वाद घालायचा नसेल तर सरसकट समान वाटा ठेवा; ‘मशीन हेड’वरच्या सगळ्या गाण्यांवर पाचही जणांची नावे आहेत. आपल्या कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले आहे. १९६९ पासून असलेल्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा आणि गाणी नोंदवा. आम्ही यातले काहीही केले नव्हते.

रात्रीच्या पैशांचे चार वाटे करू नका, पाच करा. पाचवा बँडचा. टेम्पो, तारा, ड्रमच्या स्किन, रेकॉर्डिंग सगळे त्यातून. आमच्याकडे जो तो आपल्या खिशातून खर्च करायचा आणि मनात हिशेब ठेवायचा. मनातला हिशेब कधीच जुळत नाही.

रेकॉर्डिंगसाठी मोठ्या स्टुडिओची वाट पाहू नका. शिवोलीच्या गायक रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, स्वतःच सगळी वाद्ये वाजवून केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवला. तुमच्या फोनमध्ये आज त्याहून जास्त ट्रॅक आहेत. आमची अकरा गाणी एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर होती. ती डिस्क पावसाच्या दमटपणात गेली. तीन गाणी एका सीडीवर उरली आहेत, बाकीची आठ आम्हा चौघांच्या डोक्यात, तीही प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळी. प्रत्येक तालीम रेकॉर्ड करा आणि दोन ठिकाणी ठेवा. दमटपणा वाद्यांनाही खातो: तारा आठवड्यात गंजतात, गिटारची मान वाकते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा.

आणि कान. डावीकडे हाय-हॅट आणि क्रॅश या ड्रमसेटच्या झांजा, त्यांच्या शेजारी आठ वर्षे. माझ्या डाव्या कानात आता अखंड शिट्टी वाजते, रात्री घर शांत झाले की जास्त. ती जात नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला जेमतेम पंधरा मिनिटे. आमचा एक सेट पाऊण तासाचा होता आणि रात्री तीन सेट असायचे. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते आवाजाचा पोत न बिघडवता पातळी उतरवतात. काठ्यांच्या दुसऱ्या जोडीआधी ते घ्या. त्या मुलांना मी हे सांगायला विसरलो, याची मला सर्वांत जास्त रुखरुख आहे.

शेवटचा कार्यक्रम जानेवारी २०११ मध्ये झाला. फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या तारखा वहीत भरलेल्या होत्या. गायकाला क्रूझ जहाजावर नोकरी मिळाली होती, त्याने साउंडचेकनंतर सांगितले. कुणी त्याला थांब म्हटले नाही. आम्ही तिन्ही सेट नीट वाजवले, सामान टेम्पोत भरले. गिटारवाला मडगावच्या बाजूला वळला आणि मी फोंड्याला आलो. पुढच्या तारखा मी फोन करून रद्द केल्या.

शॅकचे काम घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. त्या पैशांवर माझ्या बहिणीचे शिक्षण झाले. आठवड्याला दोन रात्री घ्या, तीन घ्या. प्रत्येक सेटमध्ये स्वतःचे एक गाणे ठरवून ठेवा, मालकाला ते आधीच सांगा. पहिल्या सेटच्या मध्यावर वाजवा, तेव्हा लोकांचे जेवण आलेले असते आणि ते उठून जात नाहीत. आणि जून ते सप्टेंबर कुणालाही विकू नका, एकमेकांच्या कंटाळ्यालासुद्धा नाही.

बांदोड्याचे घर बेसवाल्याच्या नावावर झाले आहे. मी त्याला परवा, बऱ्याच वर्षांनी, फोन केला. तो म्हणाला, मागच्या खोलीची कौले गेल्या उन्हाळ्यात शेकारली आहेत, पाणी येत नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. माझा ड्रमसेट तिथेच आहे. स्नेअरची स्किन बदलावी लागेल आणि किकच्या पेडलला तेल.