पऱ्हाटीचा गॅसिफायर: कार्बन धरायचा असेल तर या चुका टाळा

उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या उपटलेल्या झाडांचे ढीग लागतात आणि बरेचदा तिथंच पेटवले जातात. तीच पऱ्हाटी गॅसिफायरमध्ये (कमी हवेत तापवून तिचा जळणारा गॅस करणाऱ्या भट्टीत) गेली तर ड्रायर किंवा इंजिन चालतं, शिवाय तिच्यातला काही कार्बन दीर्घकाळ धरून ठेवता येतो. तो कुठे धरायचा, इथंच पहिली चूक होते.

हवेवरच्या गॅसमधून कार्बन डायऑक्साइड काढायला जाऊ नका

गावपातळीवरचे गॅसिफायर हवेवर चालतात. त्यामुळे निम्मा गॅस नुसता नायट्रोजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड १०-१२ टक्के, तोही बिनदाबाचा. तो वेगळा करण्याचा खर्च लहान प्लांटला झेपत नाही. मोठ्या कोळसा प्लांटचं गणित निराळं. तिथं हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ देतात, दाब २० ते ४० बार ठेवतात. नंतर उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेची क्रिया घडवून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड करतात. जळण्याआधीच दाट आणि दाबाखाली मिळालेला हा वायू थंड मिथेनॉलसारख्या द्रावणात विरघळतो, दाब उतरवला की सुटतो. वणी-चंद्रपूरचा दगडी कोळसा त्या आकाराच्या प्लांटचं काम आहे. गावातल्या प्लांटनं कार्बन धरायचा तो बायोचारमध्ये, म्हणजे भट्टीत न जळता उरलेल्या लोणारी कोळशासारख्या काळ्या मालात.

म्हणूनच पऱ्हाटीत दगडी कोळसा मिसळू नका. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के, पऱ्हाटीत जेमतेम ३ ते ६. पऱ्हाटीसाठी बनवलेली, भट्टीच्या तळाची राख पाडणारी जाळी त्या राखेनं तुंबते. पऱ्हाटीतल्या पोटॅशमुळे राख कमी तापमानाला मऊ होते आणि क्लिंकर (राखेचे दगडासारखे गोळे) धरतो. वर बायोचारमध्ये कोळशाची राख मिसळली, की तिच्यातल्या जड धातूंमुळे तो शेतात टाकण्याजोगा राहत नाही.

ओली आणि मातीची पऱ्हाटी

नुकत्या उपटलेल्या पऱ्हाटीत निम्मं पाणी असतं. ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा. १ किलो तुकडे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ८५० ग्रॅमपेक्षा कमी भरले तर माल अजून वाळवा. ओल्या मालानं गळ्याचं (भट्टीच्या आतल्या अरुंद, तप्त भागाचं) तापमान ९०० अंशांखाली जातं, गॅसमधलं चिकट डांबर फुटत नाही, फिल्टरमधला भुसा काळा चिकट होतो.

तुकडे २५ ते ५० मिलिमीटरचे ठेवा आणि १० मिलिमीटरखालचा चुरा चाळून काढा. मुळं आधी छाटा. मुळांना चिकटलेली काळी माती आत वितळून गळ्याला बसते, आणि बरेच मालक दोष मशीनला देतात.

गॅस अचानक नरम पडला तर दाब दाखवणारी रंगीत पाण्याची यू-नळी बघा. रिअॅक्टरवरचा (भट्टीवरचा) ओढ दाब, म्हणजे नळीतल्या दोन पातळ्यांतला फरक, वाढला असेल तर जाळी तुंबली. तो घसरला आणि गळ्याचं तापमान चढलं, तर तुकडे वर अडकून खाली पोकळी झाली, सळईनं हलवा. तरी फरक नाही, तर झाकणाचं पॅकिंग तपासा. प्लांट थंड आणि गॅसनं रिकामा असताना ब्लोअर लावून जोडांजवळ अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला की गळती तिथंच. ही गळती हलक्यात घेऊ नका, गॅसमध्ये हवा शिरली की स्फोट होऊ शकतो.

बायोचार गरम काढून तसाच ठेवू नका

उघड्यावर तो धुमसत राहतो आणि सकाळी उरते ती राख. पाणी मारून विझवा किंवा हवाबंद ड्रममध्ये पूर्ण थंड होऊ द्या. ८० टक्के कार्बन असलेला १ किलो बायोचार जळाला तर सुमारे २.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे सगळी मेहनत वाया. कोरडा बायोचार थेट शेतात फेकू नका, तो नत्र धरून ठेवतो. शेणखतात मिसळून दोन-तीन आठवडे मुरवा. आपली काळी जमीन आधीच क्षारधर्मी आणि बायोचारही तसाच, म्हणून आधी एखाद्या पट्ट्यात वापरून बघा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. प्लांट बंद खोलीत बसवू नका, अलार्म लावा, आणि फिल्टर एकट्यानं कधीच उघडू नका.