लाईट दिवसभर गेली तर? घरच्या तयारीतील या चुका टाळा

नाशिकमध्ये लाईट गेली की तासा-दोन तासांत येईल असे आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ती येतेही. घरातील इन्व्हर्टर, टॉर्च, पिण्याच्या पाण्याचा हंडा ही सगळी तयारी या भरवशावरच केलेली असते. परंतु मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या वादळात एखादे जुने झाड तारांवर कोसळते, खांब वाकतो, डीपी जळते. किंवा पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढते आणि काठावरच्या वस्त्यांचा पुरवठा सुरक्षेसाठी बंद ठेवावा लागतो. अशा वेळी हा खंड दहा, पंधरा, वीस तासांवर जातो आणि तासाभराची तयारी तिथे उपयोगाची राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरमधील आमच्या इमारतीत अशाच वादळानंतर १९ तास वीज नव्हती. घरात इन्व्हर्टर होता, तरीही रात्री साडेदहाला तो बंद पडला आणि पहाटे नळाचे पाणी संपले. त्या रात्री ज्या चुका लक्षात आल्या आणि नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी ज्या पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या येथे कारणांसह मांडत आहे.

इन्व्हर्टर आहे, पण त्याचा हिशेब केलेला नाही

इन्व्हर्टर घेताना आपण तो किती व्हीएचा आहे हे विचारतो; बॅटरी आपल्या घरी किती तास पुरेल हे क्वचितच कुणी विचारते. हा हिशेब अवघड नाही. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची मर्यादा वजा केली, तर हाताशी साधारण ११०० वॉट-तास उरतात आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी. आता तीन साधे पंखे (प्रत्येकी ७५ वॉट), नऊ वॉटचे पाच बल्ब, टीव्ही आणि राउटर हे सर्व एकदम चालू ठेवले, तर भार ३५० वॉटच्या आसपास जातो आणि बॅटरी तीन तासांत संपते. हीच बॅटरी एक पंखा, दोन बल्ब आणि राउटर एवढ्यावरच ठेवली, तर दहा तास टिकते. तो एक पंखा ३० वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी प्रकारचा असेल, तर अठरा-एकोणीस तासांपर्यंत जाते. त्या रात्री आम्ही पहिल्या दोन तासांत टीव्हीवर वादळाच्याच बातम्या पाहत बसलो आणि झोपेच्या वेळचा पंखा त्यातच संपवला. लाईट गेल्यावर अर्ध्या तासात आली नाही, तर सर्वांनी एकाच खोलीत झोपायचे आणि एकच पंखा लावायचा, हा नियम घरात आधीच ठरलेला असावा. रात्री अकरा वाजता उकाड्यात हा निर्णय होत नाही.

दुसरी चूक बॅटरीच्या देखभालीची. इन्व्हर्टर बंद पडल्यावर मी टॉर्च घेऊन ट्रॉली भिंतीपासून ओढली, तेव्हा बॅटरीवरच्या सहा तरंगत्या दांड्यांपैकी चार लाल खुणेच्याही खाली बसलेले होते आणि एका टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी फुलून आली होती. पाणी शेवटचे कधी घातले होते, हे घरात कुणालाही आठवेना. पाण्याची पातळी खाली गेली की आतील प्लेटा उघड्या पडतात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. नंतर पाणी घालून ती पूर्ण भरून येत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला, पातळी पाहावी. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आरओचे पाणी पिण्यास शुद्ध असले तरी त्यात क्षार उरतात, म्हणून ते बॅटरीत चालत नाही. पाणी कमी झाले म्हणून ॲसिड तर कधीही घालू नये. टर्मिनलवरची भुकटी काढण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासावे, कोरडे पुसावे आणि व्हॅसलिन लावावे. बॅटरी बंद कपाटात किंवा देव्हाऱ्याखाली ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिथे हवा खेळती हवी आणि जवळ दिवा-उदबत्ती नको.

काही घरांत दोनच बल्ब चालू असताना इन्व्हर्टर ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद होतो. बहुतेक वेळा फ्रिजचा किंवा स्वयंपाकघरातील मिक्सरचा प्लग चुकून इन्व्हर्टरच्या लाईनवर आलेला असतो. इन्व्हर्टर बसवल्यापासून ईएलसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडत असेल, तर इन्व्हर्टरचा न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) आणि मुख्य लाईनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडला गेल्याची शक्यता मोठी असते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ईएलसीबी काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्या घरातील खरे तास जाणून घ्यायचे असतील, तर एखाद्या रविवारी मेन स्विच बंद करून तीन तास घर इन्व्हर्टरवर चालवून पाहावे. जे बंद पडायचे ते त्या दिवशी पडू द्यावे.

छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहणे

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आल्यानंतर, अनेक छतांवर सोलर पॅनेल बसले. पुष्कळ कुटुंबांची समजूत अशी असते की आता निदान दिवसा तरी लाईट जाणार नाही. परंतु नेट मीटरिंगची, म्हणजे जादा वीज महावितरणला देणारी, साधी यंत्रणा त्यांच्या लाईनला जोडलेली असते आणि लाईन बंद झाली की तिचा इन्व्हर्टरही स्वतःहून बंद होतो, मग ऊन कितीही कडक असो. हे मुद्दाम केलेले असते, कारण तसे नसते तर आपल्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत शिरून खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव गेला असता. खंडाच्या काळात सोलर वापरायचे असेल, तर बॅटरी जोडलेली हायब्रिड यंत्रणा लागते. ज्यांची यंत्रणा बसवायची बाकी आहे त्यांनी हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावा.

पाण्याचा विसर

अपार्टमेंटमध्ये विजेपाठोपाठ पाणी जाते. महापालिकेचे पाणी खालच्या टाकीत येते आणि मोटारीने वर चढते. वीज नसली की वरच्या टाकीत जेवढे आहे तेवढेच. त्यातच लाईट गेली की प्रत्येक जण घाबरून बादल्या, पिंप, पातेली भरू लागतो आणि दिवसभर पुरली असती ती टाकी काही तासांतच रिकामी होते. आमच्या इमारतीत हेच झाले. आता आम्ही तीन तासांहून अधिक खंड पडला की वरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पाणी सोडतो. आरओ यंत्रही विजेवर चालते, म्हणून पिण्यासाठी माणशी तीन लिटर पाणी माठात किंवा पिंपात कायम भरलेले असावे.

सोसायटीचा जनरेटर असेल, तर तो ऐन वेळी सुरू न होण्याचे नेहमीचे कारण डिझेल नसून त्याची स्टार्टिंगची बॅटरी उतरलेली असणे हे असते. महिन्यातून एकदा दहा मिनिटे तो चालवून पाहिला, तर हे आधीच कळते. लिफ्टमधील एआरडी, म्हणजे लाईट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारे उपकरण, त्याच दिवशी तपासावे.

फ्रिज आणि औषधे

फ्रिज सारखा उघडून ‘अजून थंड आहे ना’ हे पाहणे हीच तो गरम करण्याची रीत आहे. दार बंद ठेवले तर खालच्या कप्प्यातील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत, अर्धा भरलेला २४ तासांपर्यंत थंडावा धरतो. खालच्या कप्प्यातील दूध, पनीर, शिजवलेला भात, उसळी यांचा चार तासांनंतर मोह धरू नये. वास आला नाही म्हणून ते चांगलेच आहे असे नसते. लाईट आपण घरी नसताना गेली होती का, हे कळण्यासाठी फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. नाणे बर्फात खाली बुडालेले दिसले, तर मधल्या काळात सर्व वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे.

इन्सुलिनच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. काही जण ते तसेच गरम होऊ देतात, तर काही जण बर्फात खुपसून ठेवतात आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत लागतात. वापरात असलेले इन्सुलिन २५-३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते, नेमकी मुदत माहितीपत्रकात दिलेली असते. माझ्या सासूबाईंचे इन्सुलिन त्या रात्री आम्ही प्लास्टिकच्या डबीत बंद करून, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या रिकाम्या माठात ठेवले. बाहेर भिंतीही तापलेल्या असताना डबी हाताला गार लागत होती.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर इन्व्हर्टरवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. पाच लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट घेते, म्हणजे वर सांगितलेली बॅटरी तीन तासांत संपेल. भरलेला सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो लावता येणारी दोन माणसे घरात असलीच पाहिजेत.

जी चूक दुरुस्त करता येत नाही

छोटा जनरेटर गॅलरीत, जिन्यात किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. मोबाइल चार्ज करण्यासाठी बंद पार्किंगमध्ये गाडी सुरू ठेवणे, किंवा इलेक्ट्रिक गीझर बंद म्हणून खिडकी लावून गॅस गीझरवर आंघोळ करणे यातही हाच धोका आहे. जनरेटरची वायर दोन्ही बाजूंना प्लग लावून घरातील सॉकेटमध्ये खोचण्याचा प्रकार तर पूर्ण बंद व्हायला हवा, कारण ती वीज मीटरमधून बाहेर जाते. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी मुख्य लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय जनरेटर घराला जोडूच नये.

लाईट फक्त आपल्याच घरची गेली आहे की शेजारचीही, हे आधी पाहावे. आपलीच असेल तर एमसीबी आणि ईएलसीबी तपासावेत. सगळ्या गल्लीची असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवावी. त्यासाठी बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मोबाइलमध्ये साठवलेला असावा. डीपीतील फ्यूज काठीने ढकलून पाहण्याचा उद्योग कुणी करत असेल, तर त्याला हाताला धरून मागे न्यावे. पडलेल्या तारेपासून दूर राहावे, लाईट गेलेली असली तरीही.

लाईट परत आल्यावर

पुरवठा गेल्याबरोबर फ्रिज, एसी, टीव्ही आणि मोटार यांची बटणे बंद करावीत आणि एक बल्ब तेवढा मुख्य लाईनवर चालू ठेवावा. तो लागला की दोन मिनिटे त्याच्याकडे पाहावे. उजेड स्थिर असेल तर आधी फ्रिज, पाच-सात मिनिटांनी मोटार आणि शेवटी एसी लावावा. परंतु एक दिवा नेहमीपेक्षा झगझगीत आणि दुसरा मंद दिसला, किंवा पंखा एकाएकी जोरात फिरू लागला, तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊन घरातील उपकरणे जळतात. क्षणाचाही विचार न करता मेन स्विच पाडावा, शेजाऱ्यांनाही हाक मारून पाडायला सांगावे आणि वायरमन येऊन तपासेपर्यंत तो उचलू नये. बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, तेव्हा त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लाईट गेली तर हाताशी अर्धीच बॅटरी आहे असे धरून एकाच पंख्यावर राहावे.