डीएनएची शिडी जेलवर उमटत नाही? या चुका टाळा

औषध दिलं, पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पडद्यावरचे फुगवटेही दिसले. जेलवर मात्र विहिरीजवळ एक जाड पट्टा आणि खाली काळोख. ‘अपॉप्टोसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) झाला नाही’ असं वहीत लिहून मोकळं व्हायची घाई करू नका. पुष्कळदा डीएनएचे तुकडे झालेले असतात, पण ते सिंकमध्ये गेलेले असतात.

डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एन्झाइमची कात्री चालते ती दोन गुंडाळ्यांमधल्या उघड्या दोऱ्यावर. म्हणून तुकडे सुमारे १८० बेसजोड्यांच्या पटीत पडतात: १८०, ३६०, ५४० असे. जेलवर ते शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात. अँड्र्यू वायली यांनी १९८० मध्ये थायमसच्या पेशींत ही शिडी दाखवली. कात्रीचं नाव कॅड. एरवी आयकॅड नावाचं प्रथिन तिला धरून ठेवतं. अपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज-३ हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम आयकॅडला दोन ठिकाणी तोडतं, तेव्हा कॅड मोकळं होतं.

पहिली चूक फ्लास्कपाशीच होते. मीडियम ओतून दिलं, पीबीएसने (क्षारांच्या बफरने) धुतलं, मग चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने काढल्या. ज्या पेशींसाठी हा खटाटोप केला, त्या मीडियममध्येच तरंगत होत्या! जुनं मीडियम आणि धुतलेलं पीबीएस दोन्ही जपून ठेवा, ट्रिप्सिनने सुटलेल्या पेशी त्यातच मिसळा आणि सगळं एकत्र सेंट्रिफ्यूज करा.

पेशींची संख्याही मोजा. माणसाच्या एका पेशीत ६.६ पिकोग्रॅमच्या आसपास डीएनए असतो. म्हणजे २ लाख पेशींत सव्वा मायक्रोग्रॅमच्या थोडा वर. त्यातल्या १० टक्केच मरत असतील तर शिडीच्या वाट्याला ०.१३ मायक्रोग्रॅम येतो, आणि तोही आठ-दहा पायऱ्यांत वाटला जातो. डोळ्यांना काय दिसणार? २० लाख पेशी घ्या.

दुसरी चूक जीनोमिक डीएनएचं तयार किट वापरण्याची. त्यात अखंड डीएनए आणि तुकडे एकत्रच निघतात, आणि अखंड डीएनए लेनभर पसरून शिडी झाकतो. त्यापेक्षा २० लाख पेशींना अर्धा मिली सौम्य लायसिस बफर द्या: १० मिलीमोलर ट्रिस (पीएच ७.५), १० मिलीमोलर ईडीटीए (कॅल्शियम, मॅग्नेशियम बांधून ठेवणारं), ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१००. बर्फावर २० मिनिटं ठेवा, मग ४ अंशांवर १३,००० जी ने २० मिनिटं फिरवा. अखंड क्रोमॅटिन पेलेटमध्ये बसतं, तुकडे वरच्या द्रवात राहतात. इथे सवयीने हात वरचा द्रव टाकायला जातो. टाकू नका, तोच तुमचा नमुना आहे. पेलेटही फेकू नका, शेजारच्या लेनमध्ये चालवायला उपयोगी पडतो.

ईडीटीए विसरलात तर गोष्ट उलटी बिघडते. १९७३ मध्येच ह्यूइश आणि बरगॉइन यांनी दाखवलं होतं की उंदराच्या यकृतातली वेगळी काढलेली केंद्रकं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळालं की स्वतःच्याच एन्झाइमने डीएनए नियमित अंतरावर कापतात. त्यात अपॉप्टोसिसचा संबंध नव्हता. तुमच्या कंट्रोल लेनमध्येही फिकट शिडी दिसत असेल तर औषधाला दोष देण्याआधी बफरची बाटली बघा.

वरच्या द्रवात आधी आरएनए तोडणारं आरएनेज ए (मिलीला १०० मायक्रोग्रॅम, ३७ अंश, १ तास), मग ०.५ टक्के एसडीएस आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के (मिलीला २०० मायक्रोग्रॅम, ५० अंश, २ तास). क्रम उलटा केला तर प्रोटिनेज के आरएनेजलाच खाऊन टाकतं आणि जेलच्या तळाशी आरएनएचा धुरकट ढग उरतो, नेमका सर्वांत खालच्या पायरीवर. पुढे फिनॉल-क्लोरोफॉर्म. मग ०.३ मोलर सोडियम अॅसिटेट, अडीच पट इथेनॉल आणि २० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन घालून उणे २० अंशांवर रात्रभर ठेवा. ग्लायकोजेनशिवाय इतका थोडा डीएनए नीट खाली बसत नाही, आणि बसला तरी पेलेट दिसत नाही.

जेल १.८ ते २ टक्के अगारोजचं हवं, दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट. दोन बारीक गोष्टी इथे घात करतात. एवढ्या घट्ट जेलमध्ये ब्रोमोफिनॉल ब्लू (नमुन्यासोबत धावणारा रंग) साधारण १५० बेसजोड्यांच्या आसपास धावतं, म्हणजे पहिली पायरी त्याच्याच सावलीत लपते. ऑरेंज जी वापरा. शिवाय इथिडियम ब्रोमाइड डीएनएच्या उलट दिशेने सरकतं. जेलमध्येच घातलं असेल तर खालचा भाग रंगाविना राहतो. जेल चालवून झाल्यावर रंगवा.

एवढं सगळं करूनही शिडी नाही? आता पेशींकडे वळा. एमसीएफ-७ वर काम करत असाल तर शोध इथेच थांबतो: त्या पेशींत कॅस्पेज-३ च्या जीनचा ४७ बेसजोड्यांचा तुकडा गळालेला आहे. त्या मरतात, पण शिडी पाडत नाहीत. स्तनाच्या कर्करोगावरच्या प्रबंधांत ही पेशीओळ इतकी लाडकी आहे की हा प्रश्न दरवर्षी कुणाला ना कुणाला पडतोच. काही पेशी ५० हजार बेसजोड्यांच्या तुकड्यांवरच थांबतात. ते साध्या जेलमध्ये वरच्या पट्ट्यातच मिसळतात, त्यांना पल्स्ड-फील्ड जेल लागतं.

शिडी दिसली म्हणजे कॅडचंच काम, असंही नाही. सोबत आयकॅडचा ४५ किलोडाल्टनचा बँड तुटतोय का, पार्प (कॅस्पेज तोडतं असं आणखी एक प्रथिन) ११६ किलोडाल्टनवरून ८९ वर येतंय का, हे वेस्टर्न ब्लॉटवर पाहा. कॅस्पेजना अडवणारं क्यू-व्हीडी-ओपीएच २० मायक्रोमोलर दिल्यावर शिडी नाहीशी व्हायला हवी. परीक्षानळीत कॅड तपासताना ५ मिलीमोलर मॅग्नेशियमसोबत २ मिलीमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं) घाला. कॅडला कॅल्शियम लागत नाही, डीनेज गॅमा या डीएनए कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमला लागतं. जस्त मात्र टाळा, ते कॅडला अडवतं. आणि जिवाणूत एकटं कॅड बनवू नका. आयकॅड हे त्याचं कुलूप तर आहेच, पण घडी घालणारा मदतनीसही आहे. त्याच्याशिवाय कॅड नीट घडतच नाही.

ट्यूनेल (तुटलेल्या डीएनएच्या टोकांना खूण लावून पेशी ओळखण्याची पद्धत) करणाऱ्यांनी टोकं ओळखावीत. ही खूण जोडणाऱ्या टीडीटी एन्झाइमला डीएनएच्या ३' बाजूला मोकळा हायड्रॉक्सिल गट हवा, आणि कॅड तोच सोडतं. मॅक्रोफेजच्या (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीच्या) लायसोसोममधलं आम्लप्रिय डीनेज-२ तिथे फॉस्फेट सोडतं, म्हणून गिळलेल्या पेशींचा तिथे चिरलेला डीएनए ट्यूनेलला दिसत नाही. उलट नेक्रोसिसमधले (इजेने मेलेल्या पेशींतले) तुकडे आणि उशिरा फिक्स केलेला ऊतक मात्र चमकतात. प्रोटिनेज के मिलीला २० मायक्रोग्रॅम, १५ मिनिटं ठेवून बघा. कमी पडलं तर सिग्नल नाही, जास्त झालं तर सगळाच छेद हिरवा. पॉझिटिव्ह कंट्रोलची स्लाइड डीनेज-१ मध्ये बुडवाल ते भांडं वेगळं ठेवा आणि त्यावर खूण करा. त्यातला एक थेंब बाकीच्या स्लाइडना लागला की त्याही पॉझिटिव्ह. टीडीटी बफरमध्ये बहुधा कॅकोडिलेट असतं, म्हणजे आर्सेनिक, तेव्हा तो सिंकमध्ये ओतू नका.