मासा सोडायचाच आहे ना? मग फोटो आधी ठरवा

गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडला, तो शेपूट हलवत दिसेनासा झाला, की आपण समजतो वाचला. तसं काही नसतं. पोहत गेलेले बरेच मासे नंतर काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी मरतात, आणि ते कुठेतरी तळाला मरतात म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच. आणि हे नुकसान नुसतं गळामुळेच होत नाही, गळ काढल्यापासून सोडेपर्यंत जे काही चाललेलं असतं त्यातही होतं, आणि त्यातला मोठा वाटा बऱ्याचदा कशाचा असतो तर फोटोचा. मोबाईल कुठेय, अरे उन्हात उभा राहा ना, थांब एक अजून काढतो, हा डोळे मिटले, परत एकदा... आणि तोवर मासा हवेत.

हवेत नेमकं होतं काय? माशाचे कल्ले म्हणजे अगदी पातळ पातळ पदर असतात, पाण्यात ते सुटे तरंगतात म्हणून त्यांच्यातून श्वास चालतो. हवेत काढलं की ते पदर एकमेकांना चिकटून बसतात आणि श्वास जवळजवळ बंदच. त्यात तो आत्ताच जीव तोडून झुंजलाय, अंगात लॅक्टिक अॅसिड साचलंय, म्हणजे ऑक्सिजनची गरज सगळ्यात जास्त आहे नेमकी तेव्हाच आपण त्याला वर धरून हसतोय. कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी १९९२ साली रेनबो ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावर केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. दमेपर्यंत पळवलेले पण हवेत न काढलेले मासे १२ तासांनंतर ८८ टक्के जिवंत होते, ३० सेकंद हवेत ठेवलेले ६२ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेले फक्त २८ टक्के. आता ते प्रयोगशाळेतले मासे होते, रक्त तपासायला त्यांच्या अंगात नळ्या घातलेल्या होत्या, त्यामुळे नदीत हेच आकडे जसेच्या तसे येतील असं मी म्हणणार नाही, पण अर्ध्या मिनिटाने केवढा फरक पडतो ते बघा. माझा हिशोब सरळ आहे, एका वेळी १० सेकंदांच्या आत, आणि शक्य असेल तर शून्य.

गळ टाकायच्या आधीच करायच्या गोष्टी

खरं काम इथेच होतं, मासा लागल्यावर सुचत काही नाही. हुकाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो बार्ब, तो पकडीने दाबून सपाट करून टाका किंवा बार्बलेस हुकच घ्या. मासे सुटतात असं म्हणतात लोक, पण लाइन ताणलेली ठेवली तर फारसे सुटत नाहीत, आणि सोडायचाच होता ना, मग एखादा आधीच सुटला तर रडायचं कशाला. ल्युअरला, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या खोट्या आमिषाला, तीन टोकांचा ट्रेबल हुक असेल तर तो काढून सिंगल लावा, ट्रेबलचं एक टोक तोंडात आणि दुसरं डोळ्यात असं फार वेळा होतं (आणि तिसरं आपल्या बोटात, ते वेगळंच). जिवंत किंवा मेलेलं आमिष लावून मासेमारी करत असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर हुक, तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आत घशात जात नाही. फक्त त्याला झटका मारायचा नाही, हळूहळू ताण द्यायचा.

रॉड आणि लाइन माशाच्या मानाने दणकट घ्या. बारीक लाइनवर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात काय कौतुक आहे ते मला तरी कळलेलं नाही, मासा तेवढा जास्त दमतो बास. जाळी रबरी किंवा बिनगाठीची हवी, गाठी असलेल्या नायलॉन जाळीने पर फाटतात आणि अंगावरचा चिकट थर निघतो. पक्कड किंवा फॉरसेप्स खिशात नको, हाताशी लटकवलेली हवी.

पाण्याचं तापमान पण बघा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला गरज मात्र वाढलेली असते. ट्राउट, सामन असल्या थंड पाण्यातल्या माशांसाठी पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की रॉड गुंडाळून ठेवलेला बरा. अमेरिकेत मोंटानामध्ये नद्या तापल्या की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात, त्याला तिथे हूट आउल म्हणतात. तुमच्याकडे असा नियम नसला तरी सकाळी लवकर जायला कुणी अडवलेलं नाही. आणि उलट टोकाची थंडी असेल, हवा शून्याच्या खाली, तर मासा अजिबात बाहेर काढू नका, ओले कल्ले आणि डोळे क्षणात गोठायला लागतात.

मासा जवळ आला की

पटकन आणा, जाळीत घ्या आणि जाळी पाण्यातच राहू द्या. जाळी म्हणजे उचलायचं साधन नाही, ती त्याची तात्पुरती खोली आहे. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने, कोरड्या हातमोज्याने, कपड्याने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तो थर म्हणजेच त्याचं बुरशी आणि जंतूंपासूनचं संरक्षण. तो निघाला की त्या जागी काही दिवसांत बुरशी धरू शकते. हाताला सनस्क्रीन किंवा डास पळवायचं क्रीम असेल तर तेही धुऊन टाका आधी. वाळूत, दगडांवर, गवतावर, बोटीच्या तापलेल्या फळीवर मासा ठेवायचा नाही म्हणजे नाही, तिथे तो उड्या मारतो, डोकं आपटून घेतो, आणि आपण त्याला धरायला अजून जोरात दाबतो.

हुक दिसत असेल तर ज्या दिशेने घुसला त्याच्या उलट दिशेने पकडीने फिरवून काढा, पाण्यातच. घशात खोल गेला असेल तर खेचाखेची करू नका, लाइन जमेल तितकी हुकाच्या जवळ कापा आणि सोडा. हुक राहिला तर मासा मरतो असं वाटतं पण ओढून काढताना कल्ले किंवा हृदयाजवळचा भाग फाटला तर तो जास्त नक्की मरतो, राहिलेला हुक बरेच मासे काही काळाने टाकून देतात.

आता फोटो

फोटोला माझा विरोध नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला आणि फोटो काढायचा नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण फोटो कसा काढायचा हे मासा लागायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. कॅमेरा कुणाकडे, तो उभा कुठे राहणार, सूर्य कुठल्या बाजूला, मोबाईलचं लॉक उघडलंय का, लेन्स पुसलीय का, सगळं. हे ठरलेलं नसेल तर फोटो नाही. मासा तयार आणि कॅमेरावाला पिशवीत हात घालून शोधतोय ही परिस्थिती आली की मी म्हणेन सोडून द्या, पुढच्या वेळी बघू.

पद्धत अशी. मासा पाण्यात, जाळीत, हुक काढलेला. एक हात शेपटीच्या अलीकडच्या बारीक भागाला, दुसरा छातीच्या परांच्या मागे पोटाखाली, उघडा तळवा, मुठ आवळायची नाही. बोटं कल्ल्यांच्या झाकणात तर अजिबात नाही. फोटोवाल्याने तीन आकडे मोजायचे आणि तिसऱ्याला मासा पाण्याच्या जेमतेम वर, इतपतच की अंगावरून पाणी अजून ठिबकतंय. दोनतीन क्लिक, परत पाण्यात. बर्स्ट मोड लावा म्हणजे डोळे मिटल्याची भानगड नाही. ठिबकणं थांबलं की वेळ संपली. अजून एक युक्ती म्हणजे मासा वर घेताना स्वतःचा श्वास रोखून धरायचा, आपल्याला घुसमटायला लागायच्या खूप आधी त्याला खाली न्यायचं. दुसरा फोटो हवाच असेल तर मध्ये त्याला पाण्यात नीट श्वास घेऊ द्या, लगेच परत उचलू नका.

गुडघ्यावर बसा, पाण्याच्या जवळ. उभं राहून छातीशी धरलेला मासा हातातून सटकला की खाली दगड असतात. जबड्याला धरून उभा लटकवायचा फोटो सगळ्यांना आवडतो, पण मोठ्या माशाचं सगळं वजन पाण्याने पेललेलं असतं, लटकवलं की ते जबडा, मणका आणि आतल्या अवयवांवर येतं. बोनफिश नावाच्या समुद्रातल्या माशावर झालेल्या अभ्यासात जबडा पकडायच्या ग्रिपरने तोंडाला जखमा झालेल्या दिसल्यात. वजन करायचंच असेल तर ओल्या झोळीत घालून करा, नाहीतर पाण्यातच लांबी आणि घेर मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले ८०० केलं की पौंडात अंदाजे वजन येतं, दाखवायला तेवढं पुरतं.

आणि खरं सांगू का, सगळ्यात भारी फोटो मासा अर्धा पाण्यात असतानाचे येतात. रंग खरे दिसतात, पर उघडलेले असतात. हात लांब करून मासा कॅमेऱ्याजवळ आणायचा, म्हणजे मोठा दिसतो, ती आयडिया आता सगळ्यांनाच कळलेली आहे.

काही ठिकाणी हा प्रश्न तुमच्या मर्जीचा राहिलेलाच नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात नदीत धरलेला वाइल्ड स्टीलहेड (समुद्रात जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट), वाइल्ड म्हणजे हॅचरीत, मासे पैदा करून वाढवायच्या केंद्रात, न वाढलेला, सोडायचा असेल तर पूर्ण पाण्याबाहेर काढणंच बेकायदा आहे. वाइल्ड आहे की हॅचरीचा ते पाठीवरच्या मागच्या छोट्या मांसल परावरून ओळखतात, हॅचरीवाले तो पर कापून मासे सोडतात, पर शाबूत म्हणजे वाइल्ड धरायचा. फ्लोरिडात ४० इंचांपेक्षा मोठा टार्पन (समुद्रातला एक मोठा मासा) पाण्यातच ठेवावा लागतो, बोटीत ओढून फोटो काढता येत नाही. आणि स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्याच उद्देशाने मासे धरायला बंदी आहे. म्हणून जिथे जाल तिथला नियम आधी वाचा, नुसता आकार आणि संख्या वाचून थांबू नका, हाताळणीचा भागही वाचा.

सोडताना

फेकायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून हलक्या हाताने धरा, प्रवाह फार जोरात नको, संथ पण वाहतं पाणी बघा. पुढेमागे ढकलत बसायची जुनी सवय आहे लोकांना, ती सोडा, मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं आणि फायदा काही होत नाही. नुसता सरळ धरा.

तयार आहे का ते कसं कळणार? शेपूट हलकेच पकडा, झटका देऊन सुटायला बघतोय का. पाण्यात उलटा करून सोडा, दोनतीन सेकंदांत स्वतः सरळ होतोय का. अंग एका बाजूला कलतं केलं तर डोळा आडवा पातळीतच राहायला बघतो, तसं होतंय का, की डोळा अंगाबरोबर नुसता फिरतोय. कल्ल्यांची झाकणं नियमित उघडझाप करतायत का. सगळं ठीक तर लगेच सोडा, उगाच माया म्हणून धरून ठेवू नका. तोल सांभाळता येत नसेल तर जाळीत किंवा वाहत्या पाण्यातल्या पिशवीत थोडा वेळ ठेवा. आसपास शार्क, बाराकुडा असले शिकारी दिसत असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तोल गेलेला मासा त्यांना आधी दिसतो, आणि असे शिकारी सारखे फिरतच असतील तर जागा बदला.

समुद्रातल्या खोल पाण्यातून वर आणलेल्या माशांचं वेगळं. साधारण १० मीटरच्या खालून ओढून काढला की दाब कमी होतो, आतली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. ते बाहेर आलेलं टोचू नका. असा मासा वर सोडला तर खाली जाऊच शकत नाही, तरंगत राहतो. त्याला वजन लावलेल्या डिसेंडिंग डिव्हाइसने खाली नेऊन सोडायचं असतं. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेच्या हद्दीत रीफच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांजवळच्या, माशांसाठी जानेवारी २०२२ पासून असं साधन किंवा फुगलेल्या पिशवीतली हवा काढायची सुई बोटीवर तयार ठेवणं कायद्याने लागू केलं होतं.

कल्ल्यांतून भळाभळा रक्त येत असेल तर त्या माशाचं काही खरं नाही. तिथे फोटो वगैरे विसरा. नियमात तो ठेवायला परवानगी असेल तर लगेच मारून ठेवा आणि दिवसाच्या कोट्यात मोजा. परवानगी नसेल तर मरतोय असं दिसत असलं तरी तो पाण्यातच परत जातो, नियम तसाच आहे, आणि त्या जागेवर त्याच हुकाने त्या दिवशी परत गळ टाकायचा की नाही ते तुम्ही बघा, मी तर हुक बदलतो किंवा जागा.